इरेनाच्या स्वयंपाकघरातला नळ

खरं बोलण्याआधी तुमच्या घरात कधी कुणी नळ सोडला आहे का?

प्रागमध्ये साम्यवादी राजवटीच्या खुणा पायी फिरून दाखवणारी इरेना एका खिडकीखाली थांबली.

"हे आमचं स्वयंपाकघर. भिंतींना कान होते, म्हणून पाण्याच्या आवाजात बोलणं बुडावं यासाठी आधी आई नळ सोडायची, मगच बाबा सरकारबद्दल बोलायचे. एकदा पाणी गेलं होतं, तरी ते बोलले."

"मग?" मी विचारलं.

"तुरुंगातून परतले ते मुके होऊन." मग माझ्याकडे बघत ती हसली, "कॉम्रेड दिसताय! चेहराच पडला."

मी लाल पत्रकं वाटत वाढलो. त्यांतली भुकेल्यांची हाक मला आजही खरी वाटते; पण या खिडकीबद्दल त्यांत एक ओळही नव्हती.

तुमच्या पुढच्या बैठकीत कुणी विरोधात बोलू लागला, तर त्याला शेवटपर्यंत बोलू द्या.