खांद्यासाठी आणलेला मिक्सर

आमच्या घरी मिक्सर आला तो आईच्या उजव्या खांद्यासाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्या खांद्याचे जे हाल झाले ते ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडील सोलापुरातल्या एका सूतगिरणीत कारकून, मी कॉलेजात. आई दर आठवड्याला परसातल्या उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायची आणि मग दोन दिवस हात वर होत नाही म्हणून वेणी घालून घ्यायला माझ्यापुढे बसायची. वडिलांना ते बघवत नसे. दिवाळीचा बोनस हातात पडला तसे ते खोकं घेऊनच घरी आले.

"आता कुटायचं बंद. बटण दाबायचं, दोन मिंटात चटणी!"

मिक्सरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. घरात प्लग एकच, तोही बाहेरच्या खोलीत रेडिओशेजारी. त्यामुळे आमची चटणी आल्यागेल्यासमोर होऊ लागली, आणि वडिलांची तीच तर हौस. मिक्सर सुरू झाला की दिवा मिणमिणायचा, रेडिओ खरखरायचा आणि वडील असे बघायचे, जणू हे यंत्र त्यांनीच शोधून काढलंय.

अडचण एकच. चटणी भिकार व्हायची. आमच्याकडची चटणी शेंगदाणे, लसूण, तिखट एकजीव होऊन तेल सुटेपर्यंत कुटावी लागते; बोटांना तेल लागलं नाही तर तिला कुणी चटणी म्हणत नाही. मिक्सरमध्ये कोरडा भुगा व्हायचा, जास्त फिरवला तर लगदा. आणि आईची चटणी गल्लीत नावाजलेली. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले तरी वाटी आमच्याकडून जायची. शिवणटिपण, गाणंबिणं आईला काही येत नव्हतं. स्वतःचं म्हणावं असं तिच्यापाशी तेवढंच होतं.

"मग सांगून टाक की त्यांना," मी म्हटलं.

"हौसेनं आणलाय गं. तोंड बघितलं न्हाईस का त्यांचं?"

तिने मधला मार्ग काढला. संध्याकाळी वडिलांदेखत मिक्सर फिरायचा. दुसऱ्या दिवशी ते गिरणीत गेले की तोच भुगा उखळात ओतून आई कुटायला बसायची आणि मी दारात राखणीला. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात उखळाचा आवाज विरून जायचा. एकदा होणारं काम आता दोनदा होऊ लागलं, वर मिक्सरचं भांडं धुणं निराळंच. खांदा पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागला. वडील तेल चोळून द्यायचे आणि हळहळायचे, "मिक्सर असून ही गत! नसता तर काय झालं असतं?" मला दोघांचाही भयंकर राग यायचा.

वडील डब्यातली चटणी 'मिक्सरची' म्हणून गिरणीत सगळ्यांना चाखायला लावत. संक्रांतीपर्यंत त्यांच्या दोन सोबत्यांनी मिक्सर घेतले. माग असलेल्या शेजारच्या तेलुगू काकूंनीही घेतला. एक दिवस त्या वाटीभर भुगा घेऊन आल्या.

"अक्का, तुमच्यासारखी का होईना हो? दुकानवाल्यानं मशीन खराब दिलं की काय?"

आई चहा टाकायला म्हणून आत पळाली. काकूंनी दुकानात भांडून मशीन बदलून आणलं. दुसरंही तसंच निघालं.

उन्हाळ्यात वीजकपात सुरू झाली. एकदा सकाळी वीज गेली ती आलीच नाही. माग बंद, गल्ली चिडीचूप, आणि आमच्या उखळाचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत. मी दारात पुस्तकात डोकं घालून बसले होते. मान वर केली तर वडील समोर. गिरणी बंद पडली म्हणून भरदुपारी परतले होते. ते पाय धुऊन जेवायला बसले. आईने कडक भाकरी, दही आणि चटणी वाढली. नुकतीच कुटलेली चटणी अजून कोमट होती. वडिलांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"सकाळपास्नं करंट न्हाय," ते म्हणाले. "अख्खी गिरणी बंद पडली. आपला मिक्सर तेवढा चालला. लई जबरदस्त मशीन हाय की."

आईने आणखी एक भाकरी पुढे सरकवली.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"आणलाय तवापास्नं."

वडिलांचा चेहरा असा पडला की मला त्यांच्यावरचा राग टिकवता येईना. "खांद्यासाठी आणला हुता गं," एवढंच ते म्हणाले आणि पानावरून उठले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी परसाचं गल्लीकडचं दार आतून लावलं, सदरा काढला आणि उखळापुढे बसून बत्ता हातात घेतला. गिरणीतला कारकून घरी चटणी कुटतो हे कळलं असतं तर गल्लीने वर्षभर करमणूक करून घेतली असती. त्यात सुट्टीमुळे मागही बंद, आणि उखळाचा आवाज आला की कुणीतरी भिंतीवरून डोकावणारच. म्हणून मला हुकूम झाला, मिक्सर चालू ठेव. रिकामाच.

मी थांबत थांबत मिक्सर फिरवत होते. मधल्या दारातून सगळं दिसत होतं. आई पायरीवर बसलेली, दोन्ही हात मांडीत. तिला असं बसलेलं मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. वडिलांचं बनियन घामानं चिंब. थोड्या वेळाने त्यांनी बत्ता खाली ठेवला आणि मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिलं. आईने वाकून चिमूटभर चटणी उचलली, अंगठ्याने चोळली.

"अजून तेल सुटलं न्हाय," ती म्हणाली. "कुटा."