दत्ताभाऊंचं ‘घ्या ना’

चार माणसं बरीच वर्षं एकाच टेबलाशी बसली की किस्से आपोआप साठतात, पोत्याच्या तळाशी दाणे साठावेत तसे. कुणी मुद्दाम जमवत नाही. पोतं झटकलं की पडतात.

आमचं टेबल मस्तगड भागातल्या दत्ताभाऊंच्या बियाण्याच्या दुकानात, मागच्या बाजूला. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं आणि बसायचं. दत्ताभाऊ मूळचे केदारखेड्याचे. दुसरे सलीमभाई टेलर, तिसरे कांबळे सर, धावड्याच्या शाळेतून रिटायर झालेले. चौथा मी. माझा फोटो स्टुडिओ आहे.

आधी रमी चालायची. दत्ताभाऊंचा अमोल पुण्याहून दिवाळीला आला आणि त्याने पोकर शिकवला. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, मध्ये पाच उघडी, ती सगळ्यांची. त्यातून ज्याचं जास्त चांगलं जुळेल तो जिंकला. पटत नसेल तर पॅक करायचं, म्हणजे पानं पालथी टाकून बाहेर. आणि वाटेल तेव्हा पुढ्यातलं सगळंच्या सगळं मध्ये ढकलता येतं, त्याला ‘ऑल इन’ म्हणायचं.

अमोल म्हणाला, “काका, तुम्ही चौघंच आहात. चांगल्या पानांची वाट बघत बसाल तर म्हातारे व्हाल. पानं नका खेळू, माणूस खेळा.”

“म्हातारे तं झालोच,” सलीमभाई म्हणाले. “वाटा.”

पैसे लावायचे नाहीत हे कांबळे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून दत्ताभाऊंनी फुटाणे आणले. प्रत्येकाला एक वाटी.

आता सलीमभाईंची गंमत अशी की हातात काही नसताना डाव रेटायचा असला की त्यांना भूक लागते. आम्ही पानांचा विचार करतोय आणि हे एकेक फुटाणा तोंडात टाकतायत. एकदा ऐटीत म्हणाले, “ऑल इन!” आणि पुढ्यात हात घातला तर तीन फुटाणे आणि सालं.

“बाकीचे कुठं गेले?” सरांनी विचारलं.

“टेन्शन में गये,” सलीमभाई म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही चिंचोक्यांवर खेळतो.

माझं म्हणाल तर चेहरे वाचण्याचा मला फार अभिमान. पासपोर्ट फोटोसाठी लोकांचे चेहरे सरळ करण्यात जन्म गेला माझा. एका दुपारी सलीमभाईंनी मोठी चाल केली आणि मी बघतो तर त्यांच्या कपाळावर घाम. ओठ सुकलेले. म्हटलं, सापडला. सगळे चिंचोके मध्ये ढकलले. त्यांनी सावकाश तीन राण्या दाखवल्या.

“पण घाम कशाचा आल्ता मंग?” मी विचारलं.

“फोटोवाले, लाइट गेल्ती ना. पसीना तुमाला बी आल्ता.”

कपाळाला हात लावून पाहिला. खरंच आला होता.

कांबळे सरांचा किस्सा मात्र सगळ्यात अवघड. सरांना ब्लफ, म्हणजे हातात नसलेलं आहे असं भासवणं, मान्यच नाही. “ज्या तोंडानं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, त्या तोंडानं मी खोटं बोलणार नाही,” म्हणाले. आम्ही म्हटलं, सर, गप्प बसून चाल करा, बोलायची काय गरज? तर म्हणाले, “चालही बोलतेच.”

म्हणून सर आधीच सांगून टाकतात. “माझ्याकडे मोठी जोडी आहे, जपून.” सुरुवातीला आम्हाला वाटलं, हाच त्यांचा ब्लफ. तिघेही त्यांच्या अंगावर गेलो आणि तिघेही धुतले गेलो. तेव्हापासून सरांनी तोंड उघडलं की आम्ही मुकाट पॅक करतो. बिचाऱ्यांना एक्का आला तरी पदरात दोनच चिंचोके पडतात. त्याचं त्यांना बिलकुल वाईट वाटत नाही.

दत्ताभाऊंचा ब्लफ ओळखायची खूण आम्हाला वहिनींनी सांगितली. वहिनी होत्या तेव्हाची गोष्ट. चहाचे कप ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, “ह्यांच्या मालाचं असं हाय, चोख असला की गिऱ्हाइकाला म्हणतेत, घ्यायचं तं घे न्हाईतर जा. अन् स्वतःलाच भरवसा नसला की म्हणतेत, घ्या ना, बसा ना, पाणी घ्या.”

पुढच्याच डावात दत्ताभाऊ मला म्हणाले, “घ्या ना फोटोवाले, बघा ना आमची पानं.” मी बघितली. काही नव्हतं. ही खूण आम्ही तिघांनी त्यांना आजतागायत सांगितलेली नाही. वहिनी गेल्या, खूण राहिली.

मागच्या महिन्यात एका रविवारी दत्ताभाऊ पानं वाटायच्या आधीच बोलले. अमोल त्यांना कायमचं पुण्याला बोलावत होता, एकटे राहू नका म्हणून. थोड्याच वेळात त्याचा फोन येणार होता.

“पोराला न्हाई म्हणवत न्हाई,” ते म्हणाले, “अन् हितून पाय निघत न्हाई. म्या ठरवून ठरवून थकलो. ह्या एका डावात जिंकलो तर ऱ्हातो. हरलो तर दुकान देऊन टाकतो. कुणी सूट द्यायची न्हाई.”

वाटायची पाळी माझी होती. मध्ये पाच पानं उघडली. त्यात एक एक्का, एक राजा. माझ्या हातात दुसरा राजा होता.

दत्ताभाऊंनी सगळे चिंचोके पुढे ढकलले. मग सरांकडे वळून अगदी मऊ आवाजात म्हणाले, “घ्या ना सर. बघा ना. पाणी देऊ का?”

सलीमभाईंनी एक चिंचोका तोंडात टाकला, मग आठवण होऊन काढला. “अपने बस का न्हाई,” म्हणाले आणि पॅक केलं. मीही राजा पालथा घातला.

उरले सर. त्यांनी आपली दोन पानं पुन्हा एकदा उचलून बघितली. मग चष्मा काढून पुसला.

“माझ्याकडे काहीच नाही,” सर म्हणाले आणि पानं पालथी टाकली.

दत्ताभाऊंनी दोन्ही हातांनी चिंचोके ओढून घेतले. तेवढ्यात फोन वाजला. “आरं अमोल, जिंकलो ना म्या,” ते उठून शटरकडे जात म्हणाले. “तिघंबी भ्याले बघ.”

पॅक केलेली पानं कुणी बघायची नाहीत, हा आमचा नियम. पण गोळा करून पिसणाऱ्याला दिसतातच. दत्ताभाऊंची सत्ती आणि दुर्री, कशाशीच न जुळणारी. सरांचे दोन एक्के.

मी सरांकडे बघितलं.

“काय बघता?” सर म्हणाले. “पिसा.”