थिएटरच्या दारातली मुलाखत

मुलाखतीला जाताना गळ्यात मंगळसूत्र ठेवू नकोस, असं मला सीनियर मुलींनी बजावलं होतं. सर्जरीत एमएस झालेल्या बाईला ही अक्कल वेगळी शिकावी लागते. बाहेरगावच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीची ऑपरेशनं शिकायला मिळतील अशी निवासी डॉक्टरची एकच जागा निघाली होती, आणि ती मला हवीच होती. आमच्या वाशिम जिल्ह्यातला माणूस पित्ताशयात खडा निघाला की अकोल्याची गाडी धरतो. मला ते ऑपरेशन इथे करायचं होतं.

आमच्या वाशिमकडच्या मालेगावला घरी सासूबाईंना मंगळसूत्र काढून जायचंय हे कसं सांगावं, कळेना. त्या मळ्यातून वांगी तोडून आल्या होत्या. ऐकून त्यांनीच हात पुढे केला. "दे इकडं, मी सांभायतो. तुले काम येते का ते पाहा म्हना, गयातलं मंगयसूत्र कायले पाह्यतात?"

मुलाखत झकास झाली. आतड्याला पीळ पडला तर काय, रक्त थांबेना तर काय, त्यांनी विचारलं ते सगळं मी सांगितलं. विभागप्रमुख खूश होऊन म्हणाले, चला, ऑपरेशन थिएटर दाखवतो. तिथे दारात बाहेरच्या चपला काढून आतल्या घालाव्या लागतात. मी काढल्या आणि पायातली जोडवी उघडी पडली. गळा मोकळा केला होता, पाय विसरले होते. जोडवी कोण लक्षात ठेवतं? ती पायाचीच झालेली असतात.

मग त्या दारातच दुसरी मुलाखत सुरू झाली. नवरा काय करतो, मूल कधी, रात्रीची ड्यूटी कशी जमणार. शेजारी माझा रिसोडचा वर्गमित्र उभा होता, तोही याच जागेसाठी आलेला. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. ते त्याने आपणहून सांगितलं, तेव्हा सरांनी त्याची पाठ थोपटली होती. मी विचारलं, हे त्यालाही विचारणार का? सर हसले. बाळंतपण त्याला थोडंच आहे, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "इथे आहात तोवर मूल नाही, एवढं कबूल करा."

अजून आठवलं की डोक्यात तिडीक जाते. पण जागा एकच होती. मी हो म्हणाले.

जागा त्याला मिळाली. बायकांच्या असल्या शब्दाचा भरवसा नसतो, असं सर म्हणाल्याचं त्यानेच मला फोनवर सांगितलं. बिचाऱ्याला सांगतानाही लाज वाटत होती. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे कुणाचीच अडचण नव्हती.

सासूबाईंनी विचारलं, काहून नाई घेतलं? मी सगळं सांगितलं, कबूल केलं तेसुद्धा. त्या म्हणाल्या,

"आपल्या घरचं लेकरू त्यायले इचारून व्हाचं का?"

नवऱ्याशीही न बोललेली गोष्ट मी एका परक्या माणसाला दारात उभ्याउभ्या देऊन आले होते, आणि त्याने ती घेतलीसुद्धा नाही.