पाठ थोपटायची नाही

संस्थान विलीन झालं, घोडे विकले गेले आणि देवासच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार असलेले माझे बाबा, हंबीरराव, एका डॉक्टरकडे पांढरे उंदीर सांभाळू लागले. भीतीनं मन कसं बिघडतं, ते डॉक्टरला उंदरांवर पाहायचं होतं. दहा उंदीर रोज तासभर जाळीच्या अरुंद नळीत कोंडायचे, बाकी दहांना हातही लावायचा नाही.

महिन्याभरानं सगळे मोकळ्या खोक्यात सोडले. कोंडलेले निवांत फिरले. न कोंडलेलेच कोपऱ्यात थरथरत बसले.

"पिंजऱ्यांची अदलाबदल केलीत का?" डॉक्टरनं विचारलं.

हीही नोकरी जाणार, असं बाबांना वाटलं. "नाही साहेब. नळीतून काढल्यावर एकेकाची पाठ थोपटत होतो. बिचकलेलं जनावर तसंच ठाणावर बांधत नाहीत."

"उद्यापासून थोपटलंत, तर येऊ नका."

दुसऱ्या दिवशी नळीतून काढलेला उंदीर त्यांच्या तळहातावर वाट बघत थांबला. बाबांनी त्याला तसाच पिंजऱ्यात सोडला.

नोकरी टिकली. त्या डॉक्टरचा मला अजून संताप येतो. मी तेव्हा सात वर्षांची होते. त्यानंतर मी घाबरून रडले, की बाबा जवळ येऊन बसत, पण हात मांडीखाली दाबून.