न ओढलेलं हँडल

बॅग माझ्या टेबलावर आली तेव्हा तिचा सिलिंडर पूर्ण भरलेला होता. प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. बॅगेचं कापड अजून ओलसर होतं आणि कप्प्यांमध्ये पाइनच्या सुया अडकल्या होत्या. टेबलापलीकडे मंदार उभा होता. त्याचा मोठा भाऊ नीरज आदल्या आठवड्यात डोंगरावर बर्फाखाली गाडला जाऊन गेला, तेव्हा हीच बॅग त्याच्या पाठीवर होती.

"काकू, बॅग उघडलीच नाही," मंदार म्हणाला. "त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा हात खांद्याच्या पट्ट्यावर होता. म्हणजे त्याने ट्राय केलं. बॅग डिफेक्टिव्ह होती. मला तसं लेखी हवंय. मी कंपनीला सोडणार नाही."

त्याच्या शेजारी नीरजची बायको मृणाल बसली होती. तिने कोटसुद्धा काढला नव्हता.

मी अमेरिकेतल्या बॉथेल गावात एका सिलिंडर शॉपमध्ये काम करते. पाणबुड्यांचे, फायर ब्रिगेडचे सिलिंडर तपासायचे आणि त्यात दाबाने हवा भरायची, हे आमचं काम. नागपूरची इंजिनिअर सून अमेरिकेत जाऊन हवा भरते यावर सासरी पुष्कळ विनोद झाले. मीही त्यात भर घालत असे. सायकलचं पंक्चर मात्र काढत नाही, असं सांगायचे.

२००७च्या हिवाळ्यात आमच्याकडे या एअरबॅगवाल्या पाठपिशव्या येऊ लागल्या. लिफ्ट नाही, राखणदार नाही अशा मोकळ्या डोंगरावर जे स्कीइंग करतात, त्यांच्यासाठी त्या असतात. तिथे कधीकधी उतारावरचा बर्फ सुटतो आणि लोंढ्यासारखा खाली येतो. त्याला अ‍ॅव्हलांच म्हणतात. अशा वेळी खांद्याच्या पट्ट्यावरचं हँडल ओढलं की सिलिंडरची हवा सुटते आणि पाठीवर मोठा फुगा फुगतो. फुगा असला की माणूस बर्फाच्या वरच्या थरात राहायची शक्यता वाढते. हवा एकदाच पुरते. मग सिलिंडर पुन्हा भरून घ्यायचा आणि फुगा नीट घडी घालून बॅगेत बसवायचा.

नीरज पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. स्कीइंगचं वेड त्याला इथे येऊन लागलं. सिलिंडर भरून घ्यायला तो माझ्याकडे आला होता तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "एकदा माझ्यासमोर ओढून बघ. लगेच पुन्हा भरून देते."

"नको काकू. ती घडी पुन्हा तशी बसत नाही म्हणतात. उगाच कशाला? राहू दे फ्रेश."

मला हसू आलं होतं. त्याच्या नव्या गाडीच्या सीटवर अजून कंपनीचं प्लास्टिक होतं. हसायचा मला फारसा अधिकार नव्हता, कारण माझा चांगला डिनर सेटही खोक्यातच होता. चांगली वस्तू वापरून खराब करायची नाही, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना ते समजावून सांगता येत नाही आणि आपल्या माणसांना समजवावं लागत नाही.

तर ती फ्रेश बॅग आता माझ्यासमोर होती. मी कप्पे रिकामे केले. एक चॉकलेट, ओले ग्लव्ह्ज, कमरेच्या कप्प्यात एक नेलकटर. मग हँडल पाहिलं. ते खांद्याच्या पट्ट्यातल्या लहानशा कप्प्यात चेन लावून ठेवलेलं असतं. डोंगर चढायच्या आधी चेन उघडून ते बाहेर काढायचं. नीरजची चेन बंद होती. वर तिच्या टोकातून प्लास्टिकची बारीक पट्टी ओवून घट्ट आवळली होती, कॉम्प्युटरच्या वायरी बांधतात तसली. पट्टी शाबूत होती.

मला तिथेच सगळं कळलं. मी माझा बॉस डग याला बोलावलं. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने पट्टी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"फोटो काढ," तो म्हणाला. "मग पट्टी काप आणि हँडल ओढ. सगळ्यांसमोर. सिलिंडरला हात लावू नकोस."

मी पट्टी कापली, चेन उघडली आणि हँडल ओढलं.

खोलीत मोठा आवाज झाला. नारिंगी फुगा बॅगेतून उसळून बाहेर आला आणि बघता बघता त्याने अख्खं टेबल व्यापलं. डगचा कॉफीचा कप खाली पडला. मंदार मागे सरकला, मग पुढे येऊन दोन्ही हातांनी फुगा दाबून पाहू लागला. तो भोक शोधत होता. भोक नव्हतंच.

"चालते ही," तो म्हणाला. "मग त्या दिवशी का नाही?"

मी त्याला कापलेली पट्टी दाखवली. ग्लव्ह्ज घातलेल्या हाताने ती चेन कुणालाही उघडली नसती, हेही सांगितलं.

त्याने पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग त्याचा आवाज चढला. "ही तुम्ही बांधली. फिल करताना. ट्रान्सपोर्टसाठी वगैरे बांधली असेल आणि त्याला सांगायला विसरलात."

माझं डोकं सणकलं. "मंदार, मी अशा पट्ट्या बांधत नाही."

"मग कुणी बांधली? त्याने स्वतः? तो काय वेडा होता?"

डगला मराठी येत नव्हतं, पण आपल्याकडे बोट रोखलंय एवढं त्याला समजलं. त्याचा चेहरा उतरला. असा आरोप बाहेर गेला असता तर शॉपला टाळं लागलं असतं, आणि पहिली नोकरी माझी गेली असती.

"मी सांगितलं होतं त्याला बांधायला," मृणाल म्हणाली.

मंदार वळला.

"रेवा सगळं ओढते. हॉलमध्ये एकदा हँडल तिच्या हातात सापडलं. मीच म्हटलं, बांधून ठेव, घरात फुटलं तर पोरगी घाबरेल. तो म्हणाला, डोंगरावर गेलो की कापेन. नेलकटर घेतलं होतं त्याने." ती रडत नव्हती. "विसरला असेल."

रेवा त्यांची तीन वर्षांची मुलगी. मंदार मटकन खुर्चीत बसला. मृणालकडे बघायचं त्याचं धाडस होत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "काकू, हे रिपोर्टमध्ये लिहायलाच हवं का?"

"पट्टी होती हे लिहावं लागेल. कुणी बांधली ते टेबलावर दिसत नाही. मला दिसतं तेवढंच मी लिहिते."

मृणालने मला विचारलं, "फुगा उघडला असता तर तो वाचला असता का?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. बर्फाबरोबर झाडांवर आपटत खाली आलेल्या माणसाला फुगा कितपत वाचवतो, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मी तिला तेच सांगितलं. ते खरं होतं, आणि तिला त्याचा काहीही उपयोग नव्हता. तिने मान हलवली. मला फार वाईट वाटलं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मध्ये तो फुगा होता.

मी हवा सोडायला व्हॉल्व्हकडे हात नेला. "थांबा ना थोडं," ती म्हणाली. आम्ही थांबलो. डग खाली बसून कॉफी पुसत राहिला.

मंदारने पुन्हा कंपनीचं नाव काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मृणाल मुलीला घेऊन पुण्याला परत गेली.

त्यानंतर आम्ही शॉपमध्ये एक नियम केला. सिलिंडर एकदा भरला की गिऱ्हाइकाने काउंटरसमोर बॅग पाठीवर चढवायची, ग्लव्ह्ज घालायचे आणि हँडल ओढायचं. मगच सिलिंडर पुन्हा भरून बॅग हातात मिळेल. लोक कुरकुर करतात. आपले लोक जास्त करतात. घडी मोडेल, भरलेला सिलिंडर वाया जाईल, म्हणतात.

मी म्हणते, जाऊ दे वाया. हवाच आहे, ती मी परत भरून देते.