आईचं लुगडं चालतंय

माझी मैत्रीण उर्दू शाळेत विज्ञान शिकवते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी. धाराशिवात आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. ती मला मॅडम म्हणते, मी तिला मॅडम म्हणते, आणि एकमेकींची खेचायची एकही संधी आम्ही सोडत नाही.

तिचं लहानपण लोहाऱ्याजवळच्या शेतावर गेलं. मामाच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून ती मामेभावांबरोबर पोहायला शिकली. मग ती मोठी झाली आणि पोहणं बंद झालं. कुणी रागावलं नाही, मारलं नाही, नुसतं एक दिवस म्हणाले, आता पुरे. हे ती हसत सांगायची. पण टीव्हीवर कुठं समुद्र दिसला की हातातलं काम खाली ठेवायची. "पाण्यावर पाठ टाकून पडायचं बघा मॅडम. कानात पाणी जातं आन् दुनियेचा सगळा आवाज बंद होतो. एकदा तरी परत तसं पडायचंय मला." मला पोहता येत नाही, त्यामुळं मी नुसती मान हलवायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात कळलं की शहरातल्या एका पोहण्याच्या तलावात दुपारची वेळ बायकांसाठी ठेवलीय. मैत्रिणीनं पोहण्याच्या पोशाखाचं खास कापड मागवलं आणि बहिणीकडून शिवून घेतलं. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय, वरून गुडघ्यापर्यंत झगा, डोक्याला टोपी. ते घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अंतराळवीर दिसते का मी?"

"बेडूक," मी म्हटलं.

तलावाच्या तिकीटखिडकीत बसलेल्या माणसाला मात्र हसू आलं नाही. पिशवीतून काढून दाखवलेला पोशाख त्यानं पाहिला आणि म्हणाला, "हे चालणार नाही. कॉस्च्युम पाहिजे."

"हे कापड कॉस्च्युमचंच आहे," मैत्रीण म्हणाली.

"कापड असेल हो. पण असलं अंगभर चालत नाही. नियम आहे."

नियम कुठं लिहिलाय म्हणून मी विचारलं, तर त्यानं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. पाटीवर 'योग्य पोशाख घालावा' एवढंच होतं. योग्य म्हणजे काय, ते कुणी ठरवलं, असं विचारताना माझा आवाज चढला. माझा आवाज चढायला तसं फार काही लागत नाही. तोवर मैत्रिणीनं पोशाखाची नीट घडी करून तो पिशवीत ठेवलाही होता.

रिक्षात बसल्यावर मी उलट तिच्यावरच घसरले. "आत सगळ्या बायकाच असतात ना? मग साधा कॉस्च्युम घातला तर काय बिघडतं? कशाला हे सगळं अंगावर बाळगायचं?" ज्या घरात मी वाढले तिथं अंगावरची जुनी जोखडं फेकून द्यायची, हेच शिकवलं गेलं. मला माझं म्हणणं पटत होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही अर्धंमुर्धं पटतं.

तिनं मोबाइलवर एक फोटो शोधून माझ्यासमोर धरला. परदेशातला कुठलासा समुद्रकिनारा होता, वाळूत अंगभर कपडे घातलेली एक बाई बसलेली, आणि चार पोलीस तिच्याभोवती उभे राहून अंगावरचं काढायला लावत होते. आजूबाजूला लोक मजेत ऊन खात होते.

"इथं पोलीस म्हणतात काढा," ती म्हणाली. "दुसऱ्या मुलखात पोलीस म्हणतात घाला. तुम्ही म्हणता काढा. माझे दीर म्हणतात, पोहायचंच कशाला. मॅडम, ह्या सगळ्यांचं ऐकत बसले तर मी पाण्यात जायचं कधी?"

वर्गात मी मुलांना वादविवाद शिकवते. त्या दिवशी रिक्षात मात्र मी तिचा मोबाइल तिला परत दिला.

मग मला आमच्या विहिरीची आठवण झाली. तेरजवळ माझ्या भावाचं शेत आहे, आई त्याच्याकडेच असते. तिथली विहीर माझ्या वडिलांनी खोदली, दगडी पायऱ्यांची. आमची माणसं छप्पन सालानंतर बौद्ध झाली. त्याच्या आधीची, आणि नंतरचीही कितीतरी वर्षं, आईच्या माहेरी पाण्याची एकच रीत होती. बायांनी घागर घेऊन गावच्या विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. आमच्या घरातल्या एकाही बाईला पोहता येत नाही, ते यामुळं. पोहण्यासाठी आधी विहिरीत उतरू द्यावं लागतं. स्वतःची विहीर झाल्यावरही आई कधी वरच्या पायरीच्या खाली गेली नाही. पाणी भरून घ्यायचं, त्यात शिरायचं नाही, हे तिच्या हाडात बसलेलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मैत्रिणीला घेऊन शेतावर गेले. पाऊस चांगला झाला होता, पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. भाऊ आम्हाला सोडून पलीकडच्या रानात निघून गेला. आई काठावर बसली, पाहुणी काय करतेय ते बघायला.

मैत्रीण पायऱ्या उतरून पाण्यात शिरली आणि तिचा झगा पुरीसारखा टम्म फुगला. आम्ही मायलेकी हसून हसून बेजार झालो. तीही हसली, हातानं थोपटून तिनं हवा काढली. आणि मग तिनं हात पसरले आणि पाठ टाकली.

मला वाटतं, मी तिला तोवर कधी पाहिलंच नव्हतं. समोर राहणारी, भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी, वह्या तपासताना मान चोळणारी बाई तिथं नव्हतीच. पाणी हलायचं थांबलं, तीही हलत नव्हती. डोळे उघडे, वर बघणारे. पारव्यांची जोडी विहिरीच्या भिंतीतून फडफडत वर गेली तरी तिचं लक्ष नव्हतं. मला भरून आलं. देवळात गेल्यावर माणसांना काय होत असेल ते मला ठाऊक नाही, पण असंच काहीतरी होत असावं. मी चपला काढून ठेवल्या होत्या, ते नंतर लक्षात आलं.

"मेली का काय गं ही?" आई घाबरून मोठ्यानं म्हणाली.

"न्हाय मावशी," पाण्यातून मान जरा वर करून ती म्हणाली.

"मंग बुडत का न्हाईस?"

"पाणीच उचलतं मावशी. आपण फक्त भ्यायचं नाही."

आई काठावरून पुढं वाकली. मग म्हणाली, "मला बी उचलंल का?"

मी नको म्हणाले. वय बघ, गुडघे बघ, असं बरंच म्हणाले. आईनं लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि पायऱ्या उतरायला लागली. शेवटी मी तिच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक हातात गच्च धरून वर उभी राहिले. मैत्रिणीनं तिला पाण्यात घेतलं, पाठीखाली एक हात धरला, मानेखाली दुसरा. आईनं आधी डोळे मिटले होते. मग उघडले. मैत्रिणीनं पाठीखालचा हात अलगद काढून घेतला, आणि माझी आई पाण्यावर होती. दोर सैल पडला.

"किती गं हलकी झाले म्या," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं.

पाणी खाली जाईपर्यंत आम्ही जमेल त्या रविवारी जात राहिलो. फाल्गुनात विहिरीनं तळ गाठला. आता पाऊस पडेपर्यंत पाणी नाही म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. "पुढल्या साली म्या असंन का नसंन," ती म्हणाली. तलावावरची हकिकत आम्ही तिला सांगितली होती; मग एके दिवशी स्वतःच एसटीत बसून धाराशिवला आली. "त्या तलावावर चला. म्या इचारते."

खिडकीत तोच माणूस होता. आईनं पदर सारखा केला आणि विचारलं, "दादा, माझं लुगडं चालंल का?"

तो हसला. "आजी, तुमचं लुगडं चालतंय की. पायऱ्यांपाशी बसा, डुंबा. तुम्हाला कोण अडवतंय?"

"मंग हिचं का न्हाय?"

त्यानं मैत्रिणीकडं पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडं पाहिलं. "त्यांचं वेगळं आहे, आजी."

"लुगडं अंगभर हाय. हिचं बी अंगभर हाय. येगळं काय हाय?"

तो उठला आणि आईसाठी दार उघडून उभा राहिला. आतलं निळं पाणी दिसत होतं, त्याचा गारवा बाहेरपर्यंत येत होता. माझ्या तोंडात शिव्या जमल्या होत्या, पण मैत्रिणीनं माझा हात दाबला. "मावशी, तुम्ही जावा," ती म्हणाली. "मी थांबते इथंच, सावलीत."

आईनं त्या पाण्याकडं डोळे भरून पाहिलं. तिला ते किती हवं होतं ते मला दिसत होतं, मैत्रिणीलाही दिसत होतं, बहुतेक त्या माणसालाही. मग ती त्याला म्हणाली, "वरनं वतलेलं पाणी म्या लई पेले, बाबा. आता नगं."

तिनं मैत्रिणीच्या हातातली पिशवी स्वतःच्या काखेत घेतली, आणि आम्ही तिघी रिक्षा बघायला रस्त्यावर आलो.