गिरण बंद, तरी मीटर चालू

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण किस्सा माझ्याच बावळटपणाचा आहे.

मी वीज कंपनीत इंजिनिअर. पोलादपूरला बदली झाली, त्याच सुमारास आम्हाला निर्णय घ्यायची नवी पद्धत शिकवली. वीजचोरीची धाड कुठं घालायची ते मनानं नाही, आकड्यांनी ठरवायचं. डीपीतून, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरमधून, वीज किती निघाली आणि घरोघरच्या मीटरवर किती पोचली? फरक सगळ्यात मोठा, तिथं आधी जायचं.

पहिला नंबर आला आंबेनळी घाटाखालच्या आमच्याच वाडीचा. आमच्याच म्हणजे, माझं क्वार्टरही तिथंच, टोकाला. निम्म्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. मग वीज खातंय कोण?

इथपर्यंत आकडे. पुढचं काम माझ्या संशयानं हातात घेतलं. तुकारामची भातगिरण! हा माणूस मला पाहिलं की फार लवून नमस्कार करायचा. मनात पाप असल्याशिवाय वीज कंपनीच्या माणसाला कोण नमस्कार करतं, सांगा बरं?

त्याचा मीटर तपासला. काहीच सापडलं नाही. एवढी सफाई? माझा संशय पक्का झाला. गिरणीची लाईन तोडली.

"साहेब, नवं भात आलंय," तुकाराम म्हणाला. "मी चोरी केलेली नाय. गिऱ्हाईक आता दुसऱ्या गिरणीवर गेलं, तर परत नाय यायचं."

"हा विचार आधी करायचा होता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर डीपीचा मीटर तसाच धावतोय. म्हणजे आणखी एक चोर! अख्ख्या वाडीला मेन स्विच बंद करायला लावले. साहेबांच्या क्वार्टरला अर्थातच कोणी सांगितलं नाही. तरी मीटर चालूच.

मग मी मान वर करून एकेक वायर धरत निघालो. मागे तुकाराम, त्याच्यामागे भाताची पोती टाकून आलेली माणसं. ही वायर बंद घरात गेली, सोडा. ती पंपाला गेली, सोडा. उरली ती समाजमंदिरावरून, चिंचेखालून, सरळ एका दारात शिरली.

दारात माझी बायको.

"अहो, बरं झालं लवकर आलात. गिझर लावलाय, पाणी तापलंय."

पावसाळ्यात आमचा मीटर जळला होता. तेव्हा मीच वायरमनला म्हटलं होतं, तात्पुरतं डायरेक्ट जोडा, नंतर बघू. तेव्हापासून एसी, गिझर, शेगडी, सगळं बिनमीटर. अख्ख्या वाडीवर संशय घेणाऱ्या मला, आपलं बिल का येत नाही, हा संशय मात्र एकदाही आला नाही. पद्धतीत काही खोट नव्हती हो. तिनं चोर बरोबर शोधला होता.

लाजेनं माझी मान वर होईना. शेवटी तुकारामनं नेहमीसारखा लवून नमस्कार केला.

"साहेब, आधी आंघोळ करून घ्या," तो म्हणाला. "लाईन मंग तोडू."